वऱ्हाडातील गाव आणि झाडीपट्टीतील आजोळ : आमच्या छोट्या गटाच्या सहलीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही सहल नेमकी कोणत्या स्वरूपाची आहे?

सहा मुक्कामांची ही सहल दोन गावांत होते. पहिले गाव अमरावती जिल्ह्याच्या धामणगाव रेल्वे तालुक्यात, वर्धा नदीच्या बाजूला आहे. ते आमच्या वडिलांचे गाव. दुसरे भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे झाडीपट्टीत आहे. ते आमचे आजोळ. दोन्हीकडे तीन-तीन रात्री मुक्काम असतो. गटाबरोबर मी पूर्ण वेळ असतो, आणि राहण्या-जेवण्याची सारी व्यवस्था माझी बहीण पाहते.

विदर्भ म्हटला की बाहेरच्या माणसाच्या मनात एकच चित्र उभे राहते, म्हणून मुद्दाम दोन गावे ठेवली आहेत. पहिल्या गावी काळी कसदार जमीन आहे, कपाशी, तूर आणि सोयाबीन आहे, ताटात ज्वारीची भाकर आणि कानावर वऱ्हाडी बोली आहे. दुसऱ्या गावी धानाच्या बांध्या, तलाव, भात, मासोळी आणि झाडीबोली आहे. दोन्हींचा इतिहासही निराळा आहे. वऱ्हाडाचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि तेथे रयतवारी पद्धत रुजली. वैनगंगेकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, आणि ते राज्य खालसा झाल्यावर तेथे मालगुजारी पक्की झाली. सरकारशी थेट बांधलेला शेतकरी आणि मालगुजारामार्फत (गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यामार्फत) बांधलेला शेतकरी यांची गावे वेगवेगळ्या रीतीने वाढली. पाणी कोणाचे, तलावाची पाळ कोणी राखायची, गावच्या सामाईक जागेवर कोणाचा शब्द चालतो, या सर्व गोष्टींत तो फरक आजही जाणवतो, आणि दोन्ही गावे लागोपाठ पाहिली तर तो सांगावा लागत नाही.

यजमानाचे मूळ त्याच गावात असल्याने पाहुण्यांना वेगळे काय मिळते?

सर्वप्रथम घराचा आतला भाग मिळतो. गावात नवखा माणूस छपरीपर्यंत येतो, चहा घेतो आणि तेथूनच परततो. आमच्याबरोबर आलेला पाहुणा मोठ्या आईच्या चुलीपाशी बसतो, सांदवाडीत (घरामागच्या अंगणात) वाळत घातलेल्या खारोड्या पाहतो आणि शेजारच्या घरी कोणाच्या सोयरिकीचे बोलणे चालले आहे तेही त्याच्या कानावर पडते. त्याला कोणी कार्यक्रम करून दाखवत नाही. घर जसे रोज चालते तसेच चालू राहते.

दुसरी गोष्ट जबाबदारीची आहे आणि आमच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. सहल संपली की आमचा गावाशी संबंध संपत नाही. पुढच्या लग्नात, कोणाच्या तेरवीत, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) निघालेल्या वादात आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आम्हाला त्याच माणसांसमोर उभे राहायचे असते. पाहुण्याने कोणाच्या अंगणात न विचारता पाऊल टाकले, तर त्याचा जाब आमच्या काकांना पारावर विचारला जातो. त्यामुळे पाहुण्यांना काय दाखवायचे यापेक्षा काय दाखवायचे नाही याचा विचार आम्हाला आधी करावा लागतो, आणि गावकऱ्यांचा विश्वास त्यावरच टिकून आहे.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. आमचे घराणे जमीनदार शेतकऱ्याचे आहे, घर गावाच्या मध्यभागी आहे आणि आमच्या ओट्यावरून दिसणारे गाव म्हणजे संपूर्ण गाव नव्हे. विदर्भातील बहुतेक गावांप्रमाणे आमच्या गावातही बौद्ध वस्ती आहे, विहार आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेची आठवण सांगणारी घरे आहेत. त्या वस्तीचे आयुष्य आम्ही सांगणे योग्य नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीची सकाळ तेथील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी यांच्या घरी असते. त्या वेळेचे यजमान तेच असतात, काय बोलायचे ते तेच ठरवतात आणि त्यांचे मानधन थेट त्यांच्याकडे जाते. मी त्या वेळी पाहुण्यांबरोबर सतरंजीवर बसून ऐकतो. आजोळी हीच व्यवस्था तलावावरच्या धिवर (मासेमार) कुटुंबांबाबत आहे.

एका गटात आठच माणसे का?

छपरीत आठ माणसे गोल करून बसली तर आजीचा हळू आवाजही सर्वांना ऐकू जातो. त्यापेक्षा अधिक माणसे गावातून निघाली की ती वरात होते, आणि वरात आली की गाव आपला व्यवहार थांबवून बघत उभे राहते. याशिवाय विहिरीचे पाणी, दोन न्हाण्या आणि एका चुलीवर होणारा स्वयंपाक यांचा हिशेब आहे. मोठ्या गटासाठी बाहेरून आचारी आणावा लागेल, आणि तसे केले तर सहलीचा अर्थच उरणार नाही. दोन कुटुंबे मिळून दहा जणांची विचारणा करतात, तेव्हा आम्ही त्यांना दोन वेगवेगळ्या तारखा सुचवतो.

कोणत्या महिन्यात येणे चांगले?

सहली ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चालतात, आणि त्यात प्रत्येक महिन्याचे रूप वेगळे असते. आपल्याला काय पाहायचे आहे ते ठरवून महिना निवडावा.

दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापूस फुटतो आणि वेचणी सुरू होते. नोव्हेंबरमध्ये झाडीपट्टीत धानाची कापणी असते आणि भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते. ज्यांना शेतीचा हंगाम आणि सण एकत्र अनुभवायचे आहेत त्यांच्यासाठी हे दिवस सर्वांत भरगच्च आहेत. मात्र याच दिवसांत घरच्या माणसांना उसंत नसते, तेव्हा निवांत गप्पांची अपेक्षा रात्रीच्या जेवणानंतरच ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच पडते, सकाळी शेकोटीशिवाय बसवत नाही, शेतात तूर उभी असते, वरूड-मोर्शीकडच्या बागांतून आंबिया बहाराची संत्री येऊन गेलेली असतात आणि झाडीपट्टीच्या तलावांवर पाहुणे पक्षी उतरलेले असतात. फेब्रुवारी संपता संपता पळस फुलतो. मार्चमध्ये मोहफुले पडू लागतात आणि पहाटे टोपल्या घेऊन निघालेली माणसे दिसतात.

एप्रिल ते जून आम्ही पाहुणे घेत नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी गाव दारे लावून घेते आणि विहिरी तळाला जातात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून बंडीसुद्धा निघत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कपाशीवर फवारणी सुरू असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. त्या दिवसांत कोणालाही केवळ हौसेसाठी शेतात नेणे आम्हाला मान्य नाही.

याला अपवाद एकच, आणि तो पोळ्याचा.

पोळ्याच्या सहलीत काय असते?

श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून कठीण झालेल्या खांद्यांना तूप-हळद लावून चोळतात आणि बैलाच्या कानाशी जाऊन 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे निमंत्रण देतात. आमच्याकडे आता दोनच बैल उरले आहेत, बाकीचे काम ट्रॅक्टर करतो. तरीही हे आवतण मोठेबाबा स्वतः देतात आणि त्या वेळी कोणी मध्ये बोलत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सजवलेल्या जोड्या तोरणाखाली जमतात, झडत्या (पोळ्याची खास पद्ये) म्हटल्या जातात, मानाची जोडी पुढे होते आणि तोरण तुटले की पोळा फुटतो. मग बैल घरोघरी फिरतात, त्यांचे पाय धुतले जातात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दिला जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैल घेऊन मुले दारोदार येतात, तेव्हा त्यांना बोजारा म्हणून देण्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत.

या सहलीत आजोळचा टप्पा नसतो, कारण वैनगंगा भरलेली असते आणि रस्त्यांचा भरवसा देता येत नाही. पाडव्याच्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते; ज्यांना ती पाहायची असेल त्यांनी पहाटे निघावे, गाडीची व्यवस्था आम्ही करून देतो.

शेतात काम करता येईल का? कापूस वेचता येईल का?

येईल, परंतु त्याचे नियम आहेत. वेचणी हे मुख्यतः बायांचे काम आहे आणि तिची मजुरी किलोवर मिळते. अनुभव म्हणून दोन तास वेचायला आलेला पाहुणा जर मजूर बाईच्या ओळीत शिरला, तर तिच्या दिवसाच्या कमाईत घट होते. म्हणून पाहुण्यांसाठी आम्ही आमच्याच वावरातील वेगळ्या ओळी ठेवतो आणि त्यांनी वेचलेला कापूस वजनात त्या दिवशीच्या बायांच्या नावावर धरतो.

वेचताना ओटी कमरेला कशी बांधायची, बोंडातील चारही पाकळ्यांचा कापूस एका ओढीत कसा काढायचा आणि वाळलेल्या पानाचा कचरा त्यात कसा येऊ द्यायचा नाही, हे बाया शिकवतात. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या कडा सोलवटतात. पहिल्या दिवशी अर्ध्या तासातच ते कळते. सराईत बाईचे दोन्ही हात एकाच वेळी दोन झाडांवर चालत असतात आणि तोंडाने घरच्या गोष्टी चालू असतात. संध्याकाळी काट्यावर वजन होते तेव्हा पाहुण्यांनी थांबावे, असा आमचा आग्रह असतो. कापसाचा भाव आणि वेचणीची मजुरी यांचे गणित त्या काट्यापाशी उभे राहून जितके कळते तितके वर्तमानपत्र वाचून कळत नाही.

जेवण कसे असते?

घरचे असते आणि घराच्याच वेळेला असते. वऱ्हाडात ज्वारीची भाकर, झुणका, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, कढी-गोळे, पाटवडीचा रस्सा, हिवाळ्यात वांग्याचे भरीत, आणि एखाद्या दुपारी वडा-भात. झाडीपट्टीत दोन्ही वेळा भात, लाखोरीची डाळ, तलावातील बारीक मासोळीचा रस्सा आणि मोसमात उकडलेले शिंगाडे. वाटेत भिवापूर लागते, तेथील मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या मामी वर्षाची मिरची तेथूनच आणतात आणि रश्शाच्या रंगावरून ते ओळखू येते. तिखट कमी हवे असल्यास आधी कळवावे, वेगळी भाजी केली जाते.

वऱ्हाडातील शेवटच्या रात्री रोडगे असतात, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आम्हाला आवडेल. कणकेची पोळी लाटून तिला तेल लावतात, तशा काही पोळ्या एकीवर एक गुंडाळत मुठीएवढा गोळा करतात आणि अंगणात गोवऱ्यांचा जाळ बसून निखाऱ्यांवर राख धरली की ते गोळे त्यात पुरतात. राखेत हात घालून ते उलटे-पालटे करणे हे आमच्याकडे पुरुषांचे काम असते. भाजलेला रोडगा जाड कापडात घेऊन झटकतात, दोन्ही तळव्यांत दाबतात, आणि तो फुटला की आतले पदर सुटे होऊन वाफ बाहेर येते. त्यावर तुपाची धार, वरण आणि वांग्याची भाजी. मारोतीच्या किंवा महादेवाच्या नवसाला रोडगे घालण्याची रीत या भागात जुनी आहे, तेव्हा आमच्या अंगणात रोडगे लागले की शेजारीपाजारी आपोआप येतात आणि त्यांचे जेवण त्यात धरलेलेच असते.

मद्य दोन्ही घरांत चालत नाही. वर्धा आणि गडचिरोली हे शेजारचे जिल्हे दारूबंदीचे आहेत, हेही प्रवासात लक्षात ठेवावे.

राहण्याची सोय कशी आहे?

वडिलांकडचे घर जुना मातीच्या भिंतींचा वाडा आहे, आजोळचे घर कवेलूंचे आहे. प्रत्येक घरी चार खोल्या, दोघांना एक, मच्छरदाणी, स्वच्छ अंथरूण, गरम पाणी आणि आधुनिक स्वच्छतागृह आहे. वातानुकूलन नाही. वीज अधूनमधून जाते. दिव्यांपुरता इन्व्हर्टर आहे. मोबाइलची रेंज वऱ्हाडात ठीक असते, आजोळी अंगणात उभे राहावे लागते.

झाडीपट्टीचे नाटक पाहायला मिळेल का?

दिवाळी ते होळी या काळात आलात तर बहुधा मिळेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेली ही रंगभूमी शासकीय अनुदानाच्या बळावर उभी नाही. गावकरी वर्गणी काढतात, तिकीट लावतात आणि नाटक आणतात. देसाईगंज-वडसा हे तिचे केंद्र. हंगामात तेथे नाटक कंपन्यांची कार्यालये ओळीने थाटलेली असतात आणि गावोगावचे आयोजक तारीख पक्की करण्यासाठी रांगेत उभे असतात. आमचे आजोळ वैनगंगेच्या अलीकडे आणि वडसा पलीकडे, त्यामुळे आम्ही पाहुण्यांना एक सकाळ तेथे नेतो. लेखक, नट, हार्मोनियमवाले, पडदेवाले सगळे एकाच रस्त्यावर भेटतात.

नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. संवाद, लावणी, विनोदी प्रवेश, रडवणारा प्रवेश, पुन्हा गाणे, असा त्याचा ओघ असतो आणि शहरी नाट्यगृहाच्या मोजमापाने ते मापू नये अशी आमची विनंती आहे. ज्या गावी नाटक, त्या गावच्या लेकी-जावई, मामा-भाचे आदल्या दिवसापासून आलेले असतात. दिवसा शंकरपट असतो, रात्री नाटक असते, आणि या दोहोंच्या मध्ये अनेक घरांत मुलगी दाखवण्याचे कार्यक्रम उरकले जातात. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. अनेक वर्षे तिच्यावर बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिल्यानंतर ती नियमांच्या चौकटीत पुन्हा भरू लागली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. ज्यांना शर्यत पाहणे पटत नाही त्यांनी तसे सांगावे. त्या वेळी तलावावर जाता येते.

रात्रभर बसण्याची सक्ती नाही. मध्यरात्री परतणाऱ्यांसाठी गाडी असते. मात्र पाठीला टेकायला काही नसते आणि थंडी अंगावर येते, तेव्हा कांबळे बरोबर घ्यावे.

तलावांविषयी एवढे का सांगितले जाते?

कारण पूर्व विदर्भाचे गाव तलावापासून सुरू होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने उताराची जागा हेरून मातीच्या पाळी घातल्या, पाणी अडवले आणि पाळीखालची जमीन धानासाठी ओलिताखाली आणली. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी रद्द झाली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून नोंदले गेले. गाळ काढण्याचे, पाळ दुरुस्त करण्याचे आणि पाट मोकळे ठेवण्याचे काम गाव मिळून करत असे. मालकी बदलल्यावर ते कोणाचेच राहिले नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, मासोळी कमी झाली आणि धिवरांचे पोट त्याबरोबर आटले. अलीकडे अनेक गावांत लोकांनी आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी झुडपे काढून, देशी पाणवनस्पती लावून तलाव पुन्हा जिवंत केले आहेत.

आमच्या मामांच्या गावचा तलाव त्यांपैकी आहे. सकाळी धिवर जाळे काढतात त्या वेळी पाहुणे पाळीवर असतात, आणि कोणते मासे मूळचे, कोणते बाहेरून सोडलेले, कोणत्या वनस्पतीपाशी अंडी घातली जातात, हे जाळे ओढणारी माणसेच सांगतात. हिवाळ्यात बदके आणि नशीब असेल तर पट्टकादंब हंस दिसतात. सारस पाहायचा असल्यास गोंदिया जिल्ह्यात जावे लागते; सहलीला एक दिवस जोडून तशी सोय करता येते.

ताडोबा, लोणार, चिखलदरा या ठिकाणांचा समावेश आहे का?

नाही. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, लोणारच्या उल्काविवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे, आणि दोन्ही अवश्य पाहावीत अशीच आहेत. परंतु तेथे आमचे घर नाही आणि आमच्यापेक्षा जाणकार मंडळी तेथे आहेत. सफारी करायची असल्यास ती सहलीच्या आधी किंवा नंतर ठेवावी, वन विभागाच्या संकेतस्थळावरून स्वतः नोंदवावी आणि गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असते हे ध्यानात घ्यावे.

सहलीत काही जवळची ठिकाणे येतात. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे वर्धाकाठचे कौंडण्यपूर, जेथून पंढरपूरला जाणारी पालखी फार जुनी आहे. तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी. १९३६ मध्ये गांधीजी ज्या गावी राहायला आले ते सेवाग्राम. आणि प्रवासाच्या दिवशी वैनगंगेच्या घाटांचे पवनी, जेथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. पवनीला आम्ही घाई करत नाही. दुपारचे ऊन कलले की घाटावर बसावे आणि मग निघावे.

मेळघाट किंवा भामरागडच्या आदिवासी गावांत नेता का?

नेत नाही. कोरकू, माडिया किंवा कोलाम गावांशी आमचे नाते-गोते नाही, त्यांची भाषा आम्हाला येत नाही, आणि ओळखीशिवाय गाडी भरून माणसे कोणाच्या घरापुढे उभी करणे हे या सहलीच्या मूळ कल्पनेविरुद्ध आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखासारख्या गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले, त्याविषयी जाणून घेण्याची पुष्कळांची इच्छा असते, आणि ती योग्यच आहे. ज्यांना तेथे अभ्यासासाठी जायचे आहे त्यांनी ग्रामसभेशी आधी पत्रव्यवहार करावा आणि तिच्या अटींवर जावे.

शेतकरी आत्महत्यांविषयी गावात विचारलेले चालेल का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पाहुण्याच्या मनात असतो, म्हणून स्पष्ट उत्तर देतो. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती होता. आमच्या पंचक्रोशीतही अशी घरे आहेत. त्या घरी आम्ही कोणालाही नेत नाही, ती दुरूनही दाखवत नाही, आणि कोणी दाखवू लागल्यास पाहुण्यांनी नम्रपणे नकार द्यावा. एखाद्या विधवेला तिच्या नवऱ्याच्या मरणाची हकीकत अनोळखी माणसांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावणे क्रूरपणाचे आहे.

याचा अर्थ विषय टाळावा असा नाही. कोरडवाहू शेती, बोंडअळी, बियाणे-खतांचा वाढता खर्च, भावाची अनिश्चितता, बँकेचे आणि सावकाराचे कर्ज, मुलीच्या लग्नाचा आणि दवाखान्याचा खर्च, यांवर शेतकरी मोकळेपणाने बोलतात. पहिल्या गावी एक संध्याकाळ काही शेतकरी आणि शेतकरी बायांबरोबर बैठक असते. तेथे खर्चाचा हिशेब विचारावा, काय बदलले तर बरे होईल ते विचारावे. त्यांच्याकडे सांगण्यासारखे भरपूर आहे आणि त्यांना कीव नको असते.

दिलेले पैसे कोठे जातात?

सहलीचे शुल्क नोंदणीच्या वेळी लेखी कळवले जाते आणि त्याचा हिशेब मागितल्यास दाखवला जातो. स्वयंपाकात मदत करणाऱ्या बायांना, बंडीवाल्याला, धिवर कुटुंबांना आणि बौद्ध वस्तीतील यजमानांना त्यांचे पैसे त्यांच्या स्वतःच्या खात्यावर मिळतात. घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती दिले जात नाहीत. धान्य, डाळ आणि भाजी गावातूनच बाजारभावाने घेतली जाते. नातेवाईक असलेल्यांनाही मोबदला दिला जातो. आपलेच माणूस म्हणून फुकट राबवून घेण्याची सवय आमच्याकडे आहे, आणि ती मोडायची असे आम्ही पहिल्यापासून ठरवले.

भेटवस्तू, खाऊ किंवा जुने कपडे आणावेत का?

जुने कपडे आणू नयेत. मुलांना रस्त्यात चॉकलेटे वाटू नयेत. घरी जाताना आपल्या गावची एखादी खाण्याची वस्तू नेणे ही आपल्या सर्वांचीच रीत आहे, तेवढे पुरे. काही द्यावेसे वाटल्यास शाळेच्या वाचनालयासाठी मराठी पुस्तके द्यावीत आणि ती मुख्याध्यापकांकडे सोपवावीत.

छायाचित्रे काढता येतील का?

माणसाचे छायाचित्र विचारून काढावे, बायांचे काढताना दोनदा विचारावे, आणि समाजमाध्यमांवर टाकताना गावाचे नाव लिहू नये.

एकट्या स्त्रिया, लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक येऊ शकतात का?

तिघेही येऊ शकतात आणि येतात. एकट्या आलेल्या स्त्रीची खोली बहिणीच्या खोलीशेजारी असते. सहा वर्षांखालील मुलांसाठी रात्रीचे नाटक आणि लांबचा प्रवास त्रासाचा ठरतो, तेव्हा पालकांनी विचार करून ठरवावे. ज्येष्ठांसाठी एवढेच सांगायचे की वाड्याचे उंबरठे उंच आहेत आणि तलावाची पाळ चढावी लागते. गुडघ्यांचा त्रास असल्यास आधी कळवावे. जवळचे ग्रामीण रुग्णालय तालुक्याच्या गावी आहे आणि गाडी रात्रंदिवस दाराशी असते. साप-विंचवाचा भाग आहे, म्हणून अंधारात बॅटरीशिवाय आणि पायात काही न घालता बाहेर पडू नये. आजोळच्या परिसरात वाघाचा वावर असतो; पहाटे व संध्याकाळी एकट्याने जंगलाच्या कडेला जाण्यास सक्त मनाई आहे.

कसे पोहोचावे?

धामणगाव हे मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरील, बडनेरा आणि वर्धा यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. आपली गाडी तेथे थांबत नसल्यास बडनेऱ्याला उतरावे. स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो. सहल नागपुरात संपते, आणि परतीचे आरक्षण शेवटच्या दिवशीच्या संध्याकाळनंतरचे करावे.

आमचेही मूळ गाव विदर्भात आहे, पण तेथे आता कोणी नाही. तिकडे जाता येईल का?

ही विचारणा पुणे-मुंबईच्या आणि परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांकडून वरचेवर येते, आणि शक्य तेथे आम्ही ती आनंदाने मनावर घेतो. सहलीनंतर एक-दोन दिवस जोडून, नागपूर किंवा अमरावतीपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखे गाव असल्यास मी स्वतः बरोबर येतो. आधी तीन गोष्टी शोधून ठेवाव्यात: गावाचे नाव आणि तालुका, कारण एकाच नावाची अनेक गावे असतात, आजोबा-पणजोबांचे पूर्ण नाव आणि घराण्याला गावात ज्या नावाने ओळखत ते नाव, आणि कुलदैवत. जुना सातबारा किंवा फेरफार सापडला तर फारच उत्तम. गावात गेल्यावर तलाठ्याच्या कार्यालयापेक्षा आधी पारावर बसलेल्या वयस्कर माणसांना विचारावे. जमिनीच्या हक्कासाठी कोणी आले आहे अशी शंका गावात चटकन येते, म्हणून येण्याचे कारण पहिल्याच वाक्यात सांगावे आणि आपण केवळ घर व देऊळ पाहायला आलो आहोत हे स्पष्ट करावे.

सहल रद्द झाली किंवा तारीख बदलली तर?

आपण पंधरा दिवस आधी कळवल्यास पूर्ण रक्कम परत मिळते; त्यानंतर रद्द केल्यास शिधा आणि गाडी यांवर झालेला खर्च वजा केला जातो. आमच्याकडून तारीख बदलण्याचा प्रसंग मुख्यतः एकाच कारणाने येतो. गावात किंवा भावकीत मृत्यू झाला तर दुखवट्याचे दिवस संपेपर्यंत आम्ही पाहुणे घेत नाही, मग सहल उद्यावर असली तरीही. अशा वेळी आगगाडीच्या तिकिटासह सर्व खर्च आम्ही परत करतो किंवा त्याच हंगामातील दुसरी तारीख देतो. पाहुणे वाटेत असताना अशी बातमी आली, तर त्यांची राहण्याची सोय वर्धा किंवा नागपूर येथे केली जाते आणि पुढचे टप्पे आजोळच्या गावी पूर्ण केले जातात.